केळुसकर काकांचं एक मिनिट

समीरचा फोन आला. समीर म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळाचा कायमचा निवेदक. माइक त्याच्या हातातून काढून घ्यायला दोन माणसं लागतात. म्हणाला, "अंकासाठी केळुसकर काकांवर तू लिही यार. तू धमाल लिहितेस." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि सिंकमधली भांडी तशीच टाकून खुर्चीवर बसून राहिले. काकांवर एकदा धमाल लिहून झालीय माझी. तीनशे माणसं हसली होती. त्यातली बरीचशी हा अंक वाचतील, म्हणूनच लिहायला बसलेय. काकांनी मला एक गोष्ट "कुणाला सांगू नकोस" म्हणून बजावली होती. ती आज सांगणार आहे. काका आता नाहीत; त्यांच्या मुलीला, मेधाला, विचारलंय. ती म्हणाली, "सांग. लोकांना कळू दे."

काका एडिसनमध्ये आमच्यापासून चार घरं सोडून राहायचे. ऐंशीच्या आसपासचे, मूळचे वेंगुर्ल्याचे, सत्तरच्या दशकात इकडे अमेरिकेत आलेले. कोल्ड स्टोरेजची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलं. काकू गेल्यापासून एकटेच होते. आम्ही नवीन राहायला आलो त्या वर्षी गणपतीचा प्रसाद द्यायला मी त्यांच्याकडे गेले. शनिवारची सकाळ होती. दार उघडंच. मी "काका?" म्हणून हाक मारली तर आतून आवाज आला, "शू! कॉर्नर आहे."

मी हातात मोदकांचा डबा घेऊन पॅसेजमध्येच थांबले. टीव्हीवर एक हिरवागार तुकडा दिसत होता, मागे उघडा डोंगर, पुढे समुद्र, आणि धुक्यात पळणारी बावीस माणसं. प्रेक्षक म्हणाल तर आमच्या सोसायटीच्या मीटिंगला असतात तेवढे. कॉर्नर घेतला, बॉल उंच गेला, मैदानाबाहेर गेला आणि चक्क समुद्रात पडला. कॅमेरा तिकडे वळला. होडीतला एक माणूस लांब दांड्याची जाळी घेऊन बॉल काढत होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पहिली लीग," काका म्हणाले. "फेरो आयलंड्सची. म्हणजे त्या देशातली सगळ्यात वरची. बस गो, उभी काय?"

माझ्यासारख्या नागपूरच्या माणसाला कुणी पहिल्या भेटीत 'बस गो' म्हटलं की तो बसतोच. मी बसले, आणि पुढची सहा वर्षं मार्च ते ऑक्टोबर जवळजवळ दर शनिवारी-रविवारी तिथेच बसत राहिले. फुटबॉलमधलं मला शून्य कळतं. चहा माझ्या हातचा आणि गप्पा काकांच्या, एवढाच माझा इंटरेस्ट.

उत्तर अटलांटिकातला हा अख्खा देश वस्तीने आपल्या एडिसनच्या निम्मा, हे काका प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. त्यात दहा टीम वरच्या लीगमध्ये. त्यातली एक काकांची. खरं म्हणजे एका गावाची. पण काका त्या गावाला "आपलं गाव" म्हणायचे, आणि त्याचं खरं नाव ते स्वतः तीन तऱ्हांनी उच्चारायचे. कॉमेंट्री त्यांच्या भाषेत, काकांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण खेळाडूंची कुंडली पाठ! गोलकीपर इलेक्ट्रिशियन आहे. कॅप्टन शाळेत गणित शिकवतो. डाव्या बाजूने पळतो तो फिश फॅक्टरीत, त्याची शिफ्ट बदलली की आपला डिफेन्स ढेपाळतो. "आज तो आला नाही," काका एकदा काळजीने म्हणाले, "बायकोचे दिवस भरलेत." मी म्हटलं, "काका, तुम्हाला कसं ठाऊक?" तर म्हणे क्लबच्या सेक्रेटरी बाईंनी ईमेलमध्ये कळवलं. काका प्रत्येक मॅचनंतर त्या बाईंना दीड पानी पत्र लिहायचे, कुणी कुठे उभं राहायला हवं होतं वगैरे. बाई न चुकता तीन ओळींचं उत्तर द्यायच्या. ती उत्तरं काका प्रिंट काढून पंचांगाच्या खिळ्याला टोचून ठेवायचे.

टीम मात्र दरवर्षी रडतखडत. आठवी, नाही तर सातवी. खालच्या दोन टीम पुढच्या वर्षी खालच्या लीगमध्ये जातात, त्यामुळे सप्टेंबर आला की काकांचं जेवण कमी व्हायचं. माझा नवरा एकदा म्हणाला, "काका, जरा जिंकणारी टीम धरा ना. स्पेनची बघा, इंग्लंडची बघा." काकांनी त्याच्याकडे फार दयेने पाहिलं. "जिंकणाऱ्याक काय, जग आसा," म्हणाले, आणि चहात बिस्किट बुडवलं.

हिवाळ्यात लीग बंद. त्या चार महिन्यांत काका उद्योग शोधायचे. फेरोमध्ये मटण आणि मासे लाकडी खोपटात टांगून वाऱ्यावर सुकवतात, हे त्यांनी पाहिलेलं. एका डिसेंबरात गॅरेजमध्ये पंखा लावून, दार वीतभर उघडं ठेवून त्यांनी वीस बांगडे टांगले. "थंडी फुकट आहे गो, वापरायला नको?" चौथ्या दिवशी हवा उबदार झाली. शेजारच्या गुजराती काकू, कांदासुद्धा न खाणाऱ्या, त्यांनी गॅस लीक समजून फोन केला. आगीचा बंब आला. हेल्मेट घातलेले तीन जण गॅरेजमध्ये शिरले आणि तिघेही नाक दाबून बाहेर आले. काका त्यांना दारात उभं राहून समजावत होते, "सर, धिस इज ट्रॅडिशनल." नंतर स्वतः त्या काकूंकडे जाऊन माफी मागून आले, वर दोन किलो आंबे देऊन आले, डिसेंबरात कुठून आणले देव जाणे. माफी मागायला काकांना कधी जड गेलं नाही. मला जातं.

आता त्या मिनिटाबद्दल.

मॅच सुरू व्हायच्या आधी काका उभे राहायचे. खेळाडू रांगेत आले की टीव्हीचा आवाज बंद करायचे, डोक्यावरची लोकरी टोपी काढायचे आणि घड्याळाकडे न बघता मिनिटभर ताठ उभे. मग टोपी घालायची, आवाज सुरू करायचा, "हं, चहा." पहिल्या वर्षी मला वाटलं असेल काही कवायतीची सवय. दुसऱ्या वर्षी मी विचारलं. विचारलं तेही चेष्टेतच, "काका, हे राष्ट्रगीत कुणाचं चालू आहे मनात?"

काकांनी हातातला कप खाली ठेवला. मग सांगितलं.

ऐंशीच्या दशकात कंपनीने त्यांना फेरोला पाठवलं होतं, त्या गावात मासे गोठवायचा प्लांट बसवायला. तीन आठवड्यांचं काम. दुसऱ्या आठवड्यात प्लांटच्या ऑफिसात फोन आला, वेंगुर्ल्याला आई गेली. धुकं असं की तीन दिवस विमानच नाही. आणि असतं तरी वेंगुर्ल्याला पोचणार कधी? काका कामावर जात राहिले. कुणाशी काही बोलले नाहीत. रविवारी प्लांटचा मॅनेजर त्यांना ओढून मॅचला घेऊन गेला. तेव्हा मैदान खडीचं होतं, बसायला माशांचे क्रेट. दोन्ही टीम रांगेत उभ्या राहिल्या, रेफरीने शिट्टी वाजवली, आणि सगळं गाव उठून उभं राहिलं. टोप्या काढून. म्हातारे, पोरं, सगळे. कुणाचं हूं की चूं नाही. काकाही उठले. गावातलं कुणीतरी गेलं असणार, असं त्यांना वाटलं. मिनिट संपल्यावर त्यांनी मॅनेजरला हळूच विचारलं, "कोण वारलं?"

मॅनेजर म्हणाला, "तुझी आई."

काकांनी हे सांगितलं तेव्हा समोर मॅच चालू होती आणि दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. "भावांनी तिकडे सगळं केलं," ते म्हणाले. "मी काहीच केलं नाही. ना खांदा, ना पिंड. हे एवढं करतो." मग एकदम सावरून म्हणाले, "हे कुणाला सांगू नकोस हं. मेधालाही ठाऊक नाही. लोकांना गंमत वाटेल."

"छे हो काका!" मी म्हटलं. अगदी तोंडभरून म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी पंधरा ऑगस्ट. शाळेच्या मैदानावर मंडळाचं झेंडावंदन होतं, काका हट्टाने आले. मीच त्यांना ड्राइव्ह करून नेलं, मीच फोल्डिंग खुर्ची उघडून दिली. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि मीच त्यांचा खांदा दाबून खाली बसवलं. मागे कुणीतरी पुटपुटलं, "हे बसलेत काय?" मला ऐकू आलं होतं. पुढच्याच शनिवारी घरी मॅचच्या वेळी मात्र ते सोफ्याच्या पाठीला धरून उठले. कपाळावर घाम. मी म्हटलं, "काका, आज राहू द्या ना." त्यांनी मान हलवली आणि मिनिटभर उभे राहिलेच.

हे सगळं मला माहीत होतं. माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

त्या वर्षी टीम शेवटच्या मॅचमध्ये कशीबशी वाचली. काका इतके खूश की नोव्हेंबरात मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला क्लबचा निळा-पांढरा मफलर घालून आले. सेक्रेटरी बाईंनी पोस्टाने पाठवला होता. हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये दुपारचा कार्यक्रम, तीनशे माणसं, शेवटचा आयटम फिशपॉन्ड. कॉलेजच्या गॅदरिंगमधली ही आपली जुनी खोड आपण इथेही घेऊन आलोय. बिननावाच्या चिठ्ठ्या, कुणाची तरी फिरकी घेणाऱ्या दोन ओळी, आणि नियम एकच: ज्याचं नाव वाचलं त्याने उभं राहायचं आणि हसत झेलायचं.

त्या वर्षी डब्यात चिठ्ठ्याच नव्हत्या. होत्या त्या अळणी. समीर विंगेत येऊन माझ्या मागे लागला, "तू सांस्कृतिक सेक्रेटरी आहेस ना? एक कडक टाक ना यार, हॉल झोपलाय!" आणि मला माझ्या जिभेचा भारी गर्व. लहानपणापासून. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. जेवणाच्या कुपनाच्या मागे मी दोन मिनिटांत लिहिलं:

झेंडावंदनाला खुर्ची सुटेना, गुडघे देती दगा;
फेरोची मॅच लागली की मिनिटभर उभे, बघा!

समीरने काकांचं नाव घेऊन वाचलं. हॉल फुटला. हो, फुटलाच, पंधरा ऑगस्टला पुटपुटलेले तर सगळ्यात जोरात. आणि खरं सांगते, लपवून काय करू, त्या हशाने मला बरं वाटलं. पाच-सात सेकंद असतील. मी विंगेत उभी राहून स्वतःच्याच विनोदावर हसत होते.

काका नियमाप्रमाणे उभे राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ धरून, मफलर नीट करून, हसत. समीरला चेव आला. "चला मंडळी! काकांच्या टीमसाठी आपण सगळे एक मिनिट उभे राहू या! सावधान!" आणि हॉल उठला. तीनशे माणसं उभी. कुणी छातीवर हात ठेवलाय, कुणी सलाम ठोकलाय, पोरं खिदळतायत, फोन वर धरून व्हिडिओ चाललेत. काकांनी टोपी काढली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. पंधराएक सेकंद झाले असतील, समीर ओरडला, "बास बास! पुऱ्या थंड होतायत!" सगळे हसत धपाधप खाली बसले.

काका बसले नाहीत.

एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकटे उभे. टोपी हातात, डोळे मिटलेले. लोकांना तोही विनोदच वाटला, आणखी हसले. टाळ्या वाजवल्या. मी विंगेतून बघत होते. तिथून स्टेजवर चार पावलं होती. चार पावलं जाऊन माइक हिसकावून मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. माझं नाव कळेल, ही एवढीच भीती होती. काकांनी मिनिट पूर्ण केलं, टोपी घातली, आणि खाली बसले.

नंतर जेवणाच्या रांगेत मी पुऱ्या वाढत होते. काका ताट घेऊन समोर आले. मी दोन पुऱ्या वाढायला गेले तर म्हणाले, "एकच द्या."

द्या! सहा वर्षांत काकांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. 'तू' नाही तर 'गो'. हातातला चिमटा तसाच राहिला. फिशपॉन्ड बिननावाचा असतो खरा. पण त्या मिनिटाबद्दल जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस त्यांच्यासमोर पुऱ्या वाढत होता.

मार्चमध्ये लीग सुरू झाली. "दहा वाजता. चहा तुझ्या हातचा," हा फोन आला नाही. दोन शनिवार वाट पाहून तिसऱ्या शनिवारी मी त्यांच्या दाराशी गेले. आतून कॉमेंट्री ऐकू येत होती. अचानक आवाज बंद झाला. आत काय चाललं असेल ते मला कळलं. बेल वाजवायला उचललेला हात खाली घेतला आणि घरी परत आले. नवऱ्याने विचारलं, "काय गं, लवकर आलीस?" मी म्हटलं, "काका घरी नाहीत." हेही खोटंच.

मे महिन्यात मेधा त्यांना कॅरीला घेऊन गेली, नॉर्थ कॅरोलिनाला. तिचा नवरा तिकडे फार्मा कंपनीत आहे. निघायच्या दिवशी मी डबा घेऊन गेले. काकांनी डबा घेतला, "कशाला त्रास घेतलात," म्हणाले आणि गाडीत बसले. अख्ख्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. भांडले असते तर बरं झालं असतं, निदान मला तोंड उघडता आलं असतं.

ऑगस्टमध्ये काकांना झटका आल्याचं कळलं. डावी बाजू गेली. ऑक्टोबरात मला कॅरीजवळच्या रिसर्च ट्रँगलमधल्या क्लायंटकडे जायचं होतं. जायचं होतं म्हणजे काम दुसऱ्याचं होतं, मी मागून घेतलं. शनिवार मध्ये धरला. लीगचा शेवटचा शनिवार होता, आणि टीमला जिंकणं भाग होतं. टीम त्या दिवशी हरली आणि खालच्या लीगमध्ये गेली, हे आत्ताच सांगून टाकते. संध्याकाळी मी निघताना काका एवढंच म्हणाले होते की, गाव तर तेच आहे ना. पण मला सांगायचंय ते मॅच सुरू व्हायच्या आधीचं.

मेधाने दार उघडलं. "बाबा, बघा कोण आलंय!" काका खिडकीपाशी व्हीलचेअरवर होते. मफलर गळ्यात, टोपी डोक्यावर. अर्धे झाले होते हो. "या," म्हणाले. उच्चार थोडा जड. मेधा चहा करायला आत गेली.

टीव्हीवर तेच मैदान, तोच डोंगर. सगळ्या विमानप्रवासात पाठ केलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना. मी त्यांच्या खुर्चीशी खाली बसले आणि म्हटलं, "काका, तो फिशपॉन्ड मी लिहिला होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्हालाच सांगितलं होतं."

"चुकलं काका. फार वाईट वागले मी. मला माफ…"

त्यांनी उजवा हात थोडा वर केला. टीव्हीवर खेळाडू रांगेत येत होते. काकांनी रिमोट शोधला, आवाज बंद केला. मग टोपी काढायला गेले. एका हाताने ती निघेना, कानावर अडकली. मी हात पुढे केला तर मानेनेच नको म्हणाले, आणि ओढून ओढून काढून मांडीवर ठेवली. मग उजव्या हाताने खुर्चीच्या दांडीला रेटा दिला. शरीर इंचभरही उठलं नाही. पुन्हा रेटा दिला. मी बघत होते आणि मला काही करता येत नव्हतं.

दम लागल्यावर थांबले. माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट पाहिलं.

"पाय होत नाहीत," म्हणाले. "मेधाला ठाऊक नाही. तुलाच ठाऊक आहे. माझ्या वाटचं तू उभी रव गो."

मी उठले. हात कुठे ठेवावेत कळेना. काकांनी डोळे मिटले. खोलीत घड्याळ होतं, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या हॉलमधली पुऱ्यांची आरोळी मला ऐकू येत होती, आणि माझं स्वतःचं हसणं. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते मी पुसलं नाही.

मेधा ट्रे घेऊन बाहेर आली. मला अशी ताठ उभी पाहून थबकली, आणि तिला हसूच आलं. "हे काय? तू अशी का उभी आहेस?"

काकांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. "शू."

मी तशीच उभी राहिले.